एका चाचणीचे मोल

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत जगाला दिशा देणारा एक मोठा अभ्यास मराठवाड्यातच झाला, याचे विस्मरण होता कामा नये. लातूरला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा त्यात समावेश होता. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न झालेल्या महिलांच्या गटात ६४.

मात्र विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत नाहीसा होतो. जेथे तो ठाण मांडतो, तेथे पेशींच्या वाढीवरील नियंत्रण सुटते आणि कर्करोगाला आवर घालणाऱ्या काही जनुकांवर मिथाइल गटांची जणू कुलुपे चढतात. हेच मेथिलेशन. ते मोजणाऱ्या चाचण्यांमुळे खरा धोका कोणाला, हे अधिक नेमके कळू शकते आणि इतरांवरील अनावश्यक उपचार टळू शकतात.

खरा प्रश्न पोहोचण्याचा आहे. किनवटच्या तांड्यावरील किंवा निलंग्याच्या शिवारातील मजूर महिलेला रोजगार बुडवून पुन्हापुन्हा रुग्णालय गाठणे परवडत नाही. एचपीव्ही चाचणीसाठी नमुना महिलेला स्वतःही घेता येतो. ही सोय गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांपर्यंत नेली, तरच शेजारच्या जिल्ह्याने दिलेला धडा नांदेड-लातूरच्या कामी येईल.