पोटठेक्याचे पोट

लेखी परवानगीवाचून काम दुसऱ्याला देऊ नये, हे कलम सरकारी कंत्राटात बहुधा असतेच. १८७२ च्या करार कायद्याचे ४० वे कलम सांगते, चित्र काढायचे कबूल करणाऱ्याने ते स्वतःच काढावे. झाडू मारणे म्हणजे काही चित्रकला नव्हे, असे ठेकेदार म्हणतील. खरे आहे; पण पोटठेकेदार आपला वाटा काढतो, तो बहुतेक वेळा झाडणाऱ्याच्याच मजुरीतून. ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास ती मूळ मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले आणि नव्या श्रमसंहितेतही ते टिकले. तेव्हा पोटठेक्याला मंजुरी देणाऱ्या साहेबांनी सहीआधी मजुरीचा तक्ता मागवावा, असे मला वाटते. भरपाई शेवटी आपल्या घरपट्टीतूनच जायची!