वजनकाट्याला न दिसणारे

बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर मोजपट्टी सदैव असते. बाळाचे डोके, छाती, दंड आम्ही नित्य मोजतो. त्याला घेऊन आलेल्या पित्याच्या पोटाकडे मात्र काणाडोळा करतो. गेल्या वर्षी मी स्वतःचीच कंबर मोजली. वजन 'नॉर्मल', कंबर ९६ सेंटिमीटर! सराफ्यातील रात्रींचा हिशेब तिथे जमा होता.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही याज्ञिकांच्या चमूला हेच आढळले होते: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र टिकून.

म्हणून देह 'सफरचंदा'सारखा की 'नासपती'सारखा, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हे. पोटावरची चरबी मधुमेहाला आमंत्रण देते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषांनी ९०, स्त्रियांनी ८० सेंटिमीटरपुढे सावध व्हावे. सहा वर्षांवरील मुलांची कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

एक विनंती. मुलांचे माप चारचौघांत उच्चारू नये. थट्टेने मूल बारीक होत नाही, अबोल होते. पट्टी आधी आपल्या कमरेला लावावी, मगच मुलांच्या.