संमती कागदावरची नको, मनाची हवी

संततिनियमनाची गोळी आज जगभर स्त्रियांच्या हाती आहे. पण ती ज्यांच्या देहावर पारखली गेली, त्यांचे स्मरण कोणास आहे? १९५६ साली पोर्तो रिकोतील रिओ पिएद्रास येथे ही चाचणी झाली. गोळीने गर्भ राहत नाही, एवढे तेथील गरीब स्त्रियांस सांगितले गेले. हा प्रयोग आहे, हे मात्र नाही. सुमारे १७ टक्के स्त्रियांस मळमळ, चक्कर, डोकेदुखी जडली. डॉ. एड्रिस राइस-रे यांनी इशारा दिला; प्रमुख संशोधकांनी तो मनावर घेतला नाही. आता तीच जातीची औषधे त्वचेवरील पट्टीतूनही दिली जातात. साधन बदलले, प्रश्न तोच आहे. आपल्याकडे २०१९ च्या नियमांनी संमती बंधनकारक केली, हे योग्यच होय. परंतु अंगठा उठविण्यापूर्वी त्या स्त्रीस तिच्या भाषेत धोका सांगितला काय, हा आमचा सवाल आहे. विज्ञानास स्वयंसेविका अवश्य मिळाव्यात. अजाण बळी मात्र मिळता कामा नयेत.