वर्षे पुरी, शिकणे अपुरे

2021 साली कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो 99.95 टक्के होता. त्या तुकडीतील जे विद्यार्थी न अडखळता पुढे गेले, त्यांची तीन वर्षांची पदवी 2026मध्ये पूर्ण होते. त्यामुळे पदवीचा आर्थिक परतावा, म्हणजे शिक्षणात घातलेल्या पैशाच्या आणि वेळेच्या बदल्यात पुढे मिळणारे जादा उत्पन्न, मोजणाऱ्या अभ्यासकांनी आपली मोजपट्टी तपासून घेणे अगत्याचे झाले आहे.

अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण वेतनातील तफावतीचा संबंध शिक्षणाच्या वर्षांशी जोडते. मुंबईत मार्च 2020मध्ये बंद झालेले आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 रोजी, तर पहिली ते सातवीचे 15 डिसेंबर 2021 रोजी भरू लागले. तरीही मुले दरवर्षी पुढच्या इयत्तेत गेल्याने या समीकरणात त्यांचे एकही वर्ष कमी होत नाही. वडाळ्यात अँटॉप हिलच्या एकखणी घरात भावंडांमध्ये एकच मोबाइल असलेला विद्यार्थी आणि स्वतंत्र खोलीत संगणकापुढे बसलेला विद्यार्थी यांची वर्षे सारखीच मोजली जातात.

अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी दाखवल्याप्रमाणे आधीचे कौशल्य पुढच्या कौशल्याची फलश्रुती वाढवते. म्हणून अपूर्णांकात कच्चा राहिलेला विद्यार्थी सांख्यिकीच्या वर्गात पूर्ण वेळ बसूनही कमीच घेऊन जातो. अर्जेंटिनातील शिक्षकांच्या संपांवरील जोमे आणि विलेन यांच्या अभ्यासात, प्राथमिक शाळेत असताना सरासरी प्रमाणात संप अनुभवलेल्या पुरुषांची प्रौढपणीची कमाई 3.2 आणि स्त्रियांची 1.9 टक्क्यांनी घटलेली आढळली. शिवाय मध्येच शिक्षण सोडलेले विद्यार्थी पदवीधरांच्या आकडेवारीत येतच नसल्याने उरलेल्यांचा परतावा चांगला दिसू शकतो आणि खरी हानी झाकली जाते.

राज्याने जुलै 2021पासून शाळांमध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला, परंतु इतकी मोठी खिंडारे दीड महिन्यात बुजत नाहीत. मार्च 2020मध्ये पाचवीत असलेली मुले 2027मध्ये महाविद्यालयात येतील. तेव्हा वडाळ्याच्या डॉ. आंबेडकर महाविद्यालयापासून राज्यभरातील प्रत्येक संस्थेने प्रवेशानंतर लगेच भाषा आणि गणिताची निदान चाचणी घ्यावी, उणिवा भरून काढण्याच्या तासांना वेळापत्रकात हक्काची जागा द्यावी, आणि संशोधकांनी वर्षांबरोबर प्रत्यक्ष कौशल्येही मोजावीत. अन्यथा शाळा बंद राहिल्याची किंमत हे तरुण उमेदीची सारी वर्षे कमी पगारातून मोजत राहतील आणि दोष मात्र त्यांच्या पदवीला दिला जाईल.