सहाशे रुपयांचे औदार्य

पांढुर्णा आणि सौंसर तहसिलींत विधवांच्या निवृत्तिवेतनाविषयी कुरकुर उठली की सरकारपक्षाचे एक ठरीव उत्तर येते, आणि ते सर्वथा खोटे नसल्यामुळे प्रथम त्याचाच परामर्श घेणे न्याय्य होईल. केंद्राच्या योजनेत दारिद्र्यरेषेची आणि चाळिशीची अट असल्याने पंचविशीत पती गमावलेल्या स्त्रीला पंधरा वर्षे ताटकळावे लागे. मध्य प्रदेश शासनाने 2018 साली कल्याणी योजनेद्वारे या दोन्ही अटी काढल्या. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु पात्रता विस्तारली तरी रक्कम दरमहा 600 रुपयांवरच थांबली, आणि केंद्राचा हिस्सा तर 2012 पासून 300 च्या पुढे सरकलेला नाही.

यावर स्त्रियांना दरमहा रक्कम देणाऱ्या राज्याच्या ‘लाडली बहना’ योजनेचे नाव पुढे केले जाते. तेथे निवृत्तिवेतन वजा करून उरलेला फरक तेवढा पदरात पडतो. म्हणजे जिचा कमावता पती हयात आहे तिला जेवढे, तेवढेच विधवेला. वैधव्याची म्हणून वेगळी तरतूद शून्य! शिवाय साठी उलटताच, संत्र्याच्या बागेत मजुरी करण्याचे बळ सरते नेमक्या त्या वेळी, ही भरपाईही खुंटते.

दुसरा पूर्वपक्ष एकरकमी मदतीचा. कर्ता माणूस साठीच्या आत गेल्यास राष्ट्रीय परिवार सहायता योजनेतून 20,000 रुपये मिळतात खरे, पण दारिद्र्यरेषेखालील कुटुंबालाच. आणि तेरवी व सावकार यांतून त्यांतले किती शिल्लक राहते हे गावाला ठाऊक आहे. ब्रिटननेही 2017 साली धाकटे मूल हाताशी येईपर्यंत चालणारा भत्ता मोडून नव्या विधवांसाठी अठराच मासिक हप्ते ठेवले, जणू दीड वर्षात पोरे मोठी होतात.

आता स्वपक्षीयांची समजूत. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती, सबब सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या वरूड-नरखेडकडे बोट दाखवून ‘तिकडे 1,500 मिळतात’ म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र संजय गांधी निराधार योजनेचे ते अनुदान दारिद्र्यरेषेच्या यादीतील नावावर किंवा वार्षिक 21,000 रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळते, आणि वर्षभर मजुरी करणारी स्त्री ती मर्यादा सहज ओलांडते.

तेव्हा मागायचे ते हे: पात्रता मध्य प्रदेशाची, रक्कम महाराष्ट्राची, साठीनंतरही अखंड, आणि ‘लाडली बहना’तून वजावट न होणारी. हे भोपाळच्या हातचे; पण एक काम येथेच होऊ शकते. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. पतीच्या मृत्यूची नोंद होताच पंचायतीने किंवा नगरपालिकेने विधवेच्या अर्जाची वाट न पाहता प्रकरण मंजुरीस पाठवावे, असा हुकूम नव्या कचेरीतून सुटण्यास भोपाळची तिजोरी आड येत नाही.