‘उर्दू पुस्तक, नग १’

एका वाचनालयाच्या संगणकातली पुस्तकांची यादी मी वाचत होतो. मराठी कादंबऱ्या संपल्या आणि एकदम ओळी सुरू झाल्या: उर्दू पुस्तक, नग १. उर्दू पुस्तक, नग २. असं करत करत शेवटपर्यंत. कपाट उघडून पाहिलं तर नग १ गालिबचा दीवान होता, नग २ स्वयंपाकाचं पुस्तक आणि पुढचा नग इक्बाल. विक्रेत्याने दिलेलं सॉफ्टवेअर उर्दू लिपी घेत नव्हतं, नोंद करणाऱ्याला उर्दू वाचता येत नव्हती, आणि वार्षिक तपासणीत नग जुळले की काम भागत होतं. कुणाचा द्वेष वगैरे यात नव्हता, पण गालिब मात्र यादीतून गेला तो गेलाच. मराठीची अवस्थाही फार बरी नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली शीर्षकं दुसऱ्या संगणकावर नेली की त्यांची अगम्य चिन्हं होत.

अशा वाचनालयांसाठी फुकट, मुक्त आणि चांगलं सॉफ्टवेअर वीसहून अधिक वर्षांपासून उपलब्ध आहे. तरी ते आपल्याकडे पोचत नाही, आणि त्याचं कारण पैसा नाही. पहिली भेटच वाईट होते, हे खरं कारण आहे. ग्रंथपालाला ते हाताळून बघायला मिळत नाही, आणि मिळालंच तर त्यात त्याचं स्वतःचं एकही पुस्तक दिसत नाही. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराची भाषणं करण्याऐवजी कुणी ते नीट लावून, आपल्या लिप्या आणि आपली पुस्तकं घालून, उघडून बघण्याजोगं तयार करून दिलं, तर त्याचा उपयोग जास्त होईल, असं माझं मत आहे.

मी कोहाबद्दल बोलतोय. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालय संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० उजाडताच तारखांच्या घोळामुळे बंद पडणार होतं. १९९९मध्ये त्यांनी काटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून नवं करून घेतलं, आणि तयार झाल्यावर कुलूप लावून न ठेवता सगळ्यांसाठी खुलं केलं. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. त्याचा परवाना असा आहे की कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं; पण बदललेलं वाटायचं असेल तर त्याची मूळ संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. म्हणजे एकदा सर्वांचं झालेलं पुन्हा कुणा एकाच्या खिशात जाऊ शकत नाही.

आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. वक्फ म्हटलं की हल्ली लोकांना जमिनी, खटले आणि टीव्हीवरच्या चर्चा आठवतात. पण मूळ विचार साधा आहे. मूळ वस्तू बांधून ठेवायची, ती विकायची नाही, वारशात वाटायची नाही, आणि तिचं फळ मात्र सर्वांना मोकळं. विहीर वक्फ करावी तसं हे सॉफ्टवेअर आहे. फरक एवढाच, की विहिरीचं पाणी उपशाने कमी होतं आणि याच्या प्रती कितीही काढल्या तरी ते तेवढंच राहतं. सदका-ए-जारिया म्हणून कूपनलिका, थंड पाण्याचा कूलर देणारे दानशूर प्रत्येक गावात आहेत. वाचनालयाची यादी नीट करून देणं त्याच खात्यात मोडतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता अडचणीकडे येतो. कोहा चालतं लिनक्सवर, डेबियन किंवा उबंटूवर. त्याच्यासोबत माहितीसाठा सांभाळणारं मारियाडीबी, पानं दाखवणारं अपाची, शोध घेणारं झेब्रा, एवढा लवाजमा लागतो. शाळेच्या एकुलत्या एक संगणकावर विंडोज असतं, आणि त्याच संगणकावर शालार्थची बिलं, यू-डायसची माहिती, मुख्याध्यापकांची पत्रं हे सगळं असतं. त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकून बघू, असं म्हणणाऱ्या शिक्षकाला मुख्याध्यापक दारातूनच परत पाठवतील, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

इथे व्हर्च्युअल मशीन कामाला येतं. व्हर्च्युअलबॉक्ससारखा एक मोफत प्रोग्राम विंडोजच्या आतच दुसरा संगणक उभा करतो. त्या आतल्या संगणकात लिनक्स, त्यात कोहा. बाहेरच्या बिलांना धक्का लागत नाही. आणि हा आतला संगणक, त्यावर बसवलेल्या सगळ्या गोष्टींसकट, एका फाइलमध्ये बांधता येतो. तिलाच इमेज म्हणतात. फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, दुसऱ्या गावच्या संगणकात आयात करायची, सुरू करायची. बिघडलं तर पुसून पुन्हा टाकायची. ‘बिघडलं तर’ या शब्दांना फार महत्त्व आहे. आपल्याकडचा ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि सगळ्यात जास्त कशाला भीत असेल तर माझ्या हातून काही तरी उडालं, या आरोपाला. जिथे काहीही उडवलं तरी चालतं अशी जागा त्याला पहिल्यांदाच मिळते. केरळातल्या ग्रंथपालांनी हे लवकर ओळखलं आणि कोहा लावून तयार असलेल्या डीव्हीडी करून वाटल्या. कर्जतला अशी तयार वस्तू आपोआप येणार नाही. (कर्जत म्हटलं की मुंबईकरांना लोकलचं कर्जत आठवतं. हे ते नव्हे. हे राशीन-सिद्धटेकचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं.)

इमेज तयार करताना तांत्रिक भाग मोजकाच, पण तो आपल्या परिस्थितीला धरून करावा लागतो. शाळेतल्या संगणकाला चार जीबी रॅम असते, त्यातली दोनच आतल्या संगणकाला देता येते. म्हणून आत खिडक्या-चित्रांचा डामडौल ठेवायचाच नाही. कोहा विंडोजच्याच ब्राउझरमधून उघडेल अशी जोडणी करून ठेवायची. काही संगणकांत व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद असते, ती चालू कशी करायची याचं एक पान मराठीत छापून सोबत द्यायचं. वेळ भारताची लावायची, नाहीतर पुस्तक परत करायची तारीख भलतीच दिसते. आणि फाइल चार जीबीच्या आत बसवायची, कारण बाजारातले बरेच पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचे असतात आणि त्यांवर चार जीबीची अखंड फाइल मावत नाही. या एका बारीक गोष्टीपायी चांगलं काम दारात अडतं.

खरी मेहनत मात्र नमुन्याच्या माहितीत आहे. कोहा बसवताना नमुना ग्रंथालयं हवीत का, असं ते विचारतं. हो म्हटलं की सेंटरविल, फेअरव्ह्यू, स्प्रिंगफील्ड अशा अमेरिकी नावांच्या शाखा समोर येतात. ते पाहून आपला ग्रंथपाल मनात म्हणतो, हे आपलं नव्हे, आणि खिडकी बंद करतो. त्याला दोष देता येत नाही. शाखा कर्जत, राशीन, मिरजगाव अशा दिसल्या पाहिजेत. पुस्तकं त्याच्या कपाटातली दिसली पाहिजेत: ‘श्यामची आई’, हमीद दलवाईंचं ‘इंधन’, साने गुरुजींचं ‘इस्लामी संस्कृती’, प्रेमचंदांचं ‘गोदान’ आणि त्याच्या शेजारी उर्दूतलं ‘गऊदान’. ड्युई वर्गीकरणात उर्दू साहित्य ८९१.४३९वर आणि मराठी ८९१.४६वर येतं. फळीवर दोघं जवळजवळ खेटूनच बसतात.

माझ्या मते सगळ्यात आधी नोंदवावं असं नाव शेजारच्या श्रीगोंद्याचं आहे: शेख महंमद, ‘योगसंग्राम’चे कर्ते. एकाच नावात किती प्रश्न! कुणी शेख महंमद लिहितं, कुणी शेख महमद, कुणी मुहम्मद, उर्दूत त्याचं आणखी वेगळं रूप. यादी करणाऱ्याने आडनाव आधी घ्यायची सवय इथे लावली आणि ‘महंमद, शेख’ असं उलटं केलं, की वाचकाला ते कधी सापडायचे नाहीत. कोहात लेखकाच्या नावाची एक मुख्य नोंद करून बाकीची सगळी रूपं तिला जोडता येतात. मग वाचकाने कोणत्याही रूपाने शोधलं तरी पुस्तकं तीच येतात. ती सोय मुळात बंद असते, इमेज करणाऱ्याने चालू करून ठेवायची. तसंच एकाच नोंदीत शीर्षक दोन लिप्यांत ठेवायला वेगळा रकाना आहे, क्रमांक ८८०. उर्दू न वाचणाऱ्या ग्रंथपालाला देवनागरीत ‘दीवान-ए-गालिब’ दिसेल आणि उर्दू वाचकाला उर्दूत. नग १ला त्याचं नाव मिळायला एवढं पुरतं.

अक्षरांची गंमत आणखी खोल आहे. उर्दू कळफलकावरचा ‘ये’ आणि अरबी कळफलकावरचा ‘ये’ शब्दाच्या मध्ये आले की डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘काफ’चंही तेच. अरबी कळफलकावर टाइप केलेलं पुस्तक उर्दू कळफलकावरून शोधलं तर सापडत नाही, आणि पुस्तक तर समोर कपाटात असतं. हे उर्दूचंच दुखणं आहे असं समजू नका. मराठीतला ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला सारखा, आतून वेगळा. झेब्राची मूळ मांडणी रोमन अक्षरांना धरून आहे. तिथे आयसीयू नावाचा पर्याय चालू करून दोन-चार नियम लिहिले की दोन्ही ‘ये’ एकच धरले जातात आणि काना-मात्रा-वेलांट्यांचा शोधही धड लागतो. हे नियम शाळेतल्या ग्रंथपालाने लिहावेत अशी अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. ते एकदा लिहून इमेजमध्ये ठेवले की शंभर ठिकाणी वापरले जातील.

सभासदांच्या नावांबद्दलही तेच. नमुन्यात काळे, गायकवाड, भोसले असावेत तसे तांबोळी, बागवान, आतार, मुलाणीही असावेत. कितीतरी मुलींचं कागदोपत्री एकच नाव असतं, आडनावच नसतं. ते एकच नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं तरी कोहा पुढे जाऊ देतं, हे नमुन्यातच दाखवून ठेवावं.

मात्र ही नावं काल्पनिकच हवीत. चालू वाचनालयाची प्रत काढून तीच नमुना म्हणून वाटण्याचा मोह होतो, कारण ते सोपं असतं. ते करू नये. त्या प्रतीत लोकांचे पत्ते, फोन असतातच. शिवाय कुणी कोणतं पुस्तक केव्हा नेलं याचा सगळा इतिहास असतो. आजच्या दिवसांत एखाद्या तरुणाने कोणती पुस्तकं वाचली ही यादी भलत्या हाती पडणं म्हणजे काय, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. पासवर्डही तसाच: इमेजसोबतचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असणार, म्हणून खरी पुस्तकं भरायच्या आधी तो बदलायचा.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, एक्सेल आहे की. पाचशे पुस्तकांच्या कपाटाला एक्सेल खरोखर पुरतं. तिथे कोहा घेऊन जाऊ नये. एक्सेलही उर्दू घेतं, तेवढं तरी आज करा. दुसरे म्हणतात, सरकारचं ई-ग्रंथालय आहे. एनआयसीचं ते सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी चांगलं चालतं, पण त्याची संहिता खुली नाही. ‘ये’चा घोळ आपल्याला सुधारायचा झाला तर अर्ज करून वाट बघावी लागेल. मुद्दा कोहाच हवं असा नाहीच. दोन्ही वापरून बघून निवडण्याची संधी तालुक्याच्या ग्रंथपालाला मिळावी, एवढाच आहे. १९६७च्या कायद्याखालच्या नियमांनी महाराष्ट्रात ‘अ’पासून ‘ड’पर्यंत वर्ग केले. त्यातल्या ‘ड’ वर्गाला निवड करायला आजवर कुणी सांगितलंय?

वक्फच्या गोष्टीत एक माणूस राहून गेला, मुतवल्ली. मालमत्ता कितीही चांगली असो, सांभाळणारा नसेल तर तिचं काय होतं हे आपण पुरेसं पाहिलंय. इमेजचंही तसंच. कोहाची मोठी आवृत्ती दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये निघते, मध्ये दर महिन्याला दुरुस्त्या. दोन वर्षांपूर्वीची इमेज बघायला ठीक, तिच्यावर खरं वाचनालय चालवणं धोक्याचं. म्हणून इमेजसोबत ती कशी बनवली याची पायरीपायरीची कृतीही मराठीत आणि उर्दूत द्यायला हवी, म्हणजे पुढची इमेज दुसरं कुणी करू शकेल. या कामाला अभियंता लागत नाही. संगणकाची भीती नसलेला एक पदवीधर, उर्दू वाचणारा एक आणि कपाटं ओळखणारा एक, असे तिघं दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरतात. आमच्या तालुक्यात पहिले दोघं मिळतील. तिसरा शोधायला जुन्या वाचनालयात जावं लागेल, तेही दुपारी चारनंतर, कारण त्याआधी ते उघडत नाही.