बिल्ल्याच्या कडेवरचं नाव

दोस्तांनो, या वेळी मोर्चावर लिहीत नाही. लढाईतल्या बिल्ल्यांवर लिहितोय. मेडलं जमवणं हा पोट भरलेल्यांचा नाद, आपला त्याच्याशी संबंध काय, असं आपलीच शहाणी पोरं म्हणतात. संबंध आहे. या नादाचा माल आपल्याच घरातून जातोय, आणि जातोय तो भंगाराच्या भावानं.

मी तासगावचा. तासगाव 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं, आणि सातारा म्हणजे मिल्ट्रीचा जिल्हा. तिकडं अपशिंग्याच्या नावाला तर 'मिलिटरी' चिकटलंय. शौर्याची भाषणं दर वर्षी झडतात. पण महारवाड्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत काय आहे, हे कुणी विचारलं? मी तालुक्यातल्या चार-पाच वस्त्यांत विचारत फिरलो. कुठं बिल्ला नातवंडाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात, कुठं जोंधळ्याच्या डब्यात. बऱ्याच घरांत उत्तर एकच, "व्हता, मोडला."

मोडला म्हणजे सोनाराला दिला. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, अडीच-पावणेतीन तोळ्यांचं. 1972 च्या दुष्काळात घरात दाणा नसताना त्या चांदीवर पाचव्या जॉर्जचं डोकं आहे का आणखी कुणाचं, हे बघत कोण बसणार? बाईनं बिल्ला मोडून पोरं जगवली. तिला बोल लावणारा मी कोण? पण सोनाराच्या मुशीत चांदीबरोबर आणखी एक गोष्ट वितळली. कडेवरचं नाव.

बिल्ला हातात घेतला की लोक राजाचं डोकं बघतात. आडवा धरा आणि कड वाचा. तिथं बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आता हे नाव दुसरं कुठं सापडतं बघा. पहिल्या लढाईनंतर सरकारनं गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष लढाईला गेले, त्यातले इतके मेले. नुसता आकडा. इराकात बसऱ्याला 1929 मध्ये मोठं स्मारक उभारलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. मेसोपोटेमियात आपल्याकडच्या कुणब्यांची पोरं ढिगानं मेली, त्यांचीही दगडावर तीच गत. स्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या आयोगाला यामागं वंशभेद होता हे कबूल करायला 2021 साल उजाडलं. शंभर वर्षं लागली साहेबाला! म्हणजे घरातल्या बिल्ल्याची कड हाच त्या माणसाचा शिलालेख.

त्या बिल्ल्यांतही वर्णव्यवस्था आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही. 1895 च्या इंडिया मेडलपासून बघा. मोहीम एक, डोंगर एक, गोळी एक. पण शिपायाला चांदीचं मेडल आणि मागं राबणाऱ्या बाजारबुणग्यांना ब्राँझचं. पहिल्या महायुद्धातही मजूर पलटणींना वॉर मेडल मिळालं ते ब्राँझचं. बाजारबुणगे म्हणजे कोण? पाणी वाहणारा भिस्ती, डोलीवाला, खेचरवाला, झाडूवाला. काही मेडलांच्या कडेवर हुद्दा म्हणून सरळ 'स्वीपर' असंच आहे. लिलावात अशा बिल्ल्याला कोण मोठी बोली लावणार? माझ्या लेखी मात्र तो पहिल्या नंबरचा. ज्याच्या हातात बंदूकसुद्धा दिली नाही, त्यालाही तोफेच्या तोंडी नेलं होतं, याचा तो सरकारी पुरावा आहे.

कुणी म्हणेल, इंग्रजांच्या चाकरीचा बिल्ला कसला मिरवता? 1942 च्या सप्टेंबरात याच तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, आणि तुम्ही साहेबाची मेडलं जपता? तर ऐका. ज्याला गावात पाणवठा नव्हता, त्याला पलटणीत पगार आणि पोरांना शाळा मिळाली. रामजी सुभेदार पलटणीच्याच शाळेत मास्तर होते. पुढं 1892 च्या सुमारास त्याच साहेबानं 'लढाऊ जाती'चं शास्त्र काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये आणि शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 मध्ये सरकारपुढं अर्ज मांडले ते पूर्वजांच्या लष्करी नोकरीचा दाखला देऊन. 1917 मध्ये माणसं कमी पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली, 1921 मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो! 1941 मध्ये महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली, ती बाबासाहेबांनी सरकारशी भांडल्यावर. बिल्ला हा असा दुहेरी कागद आहे. आपण काय केलं हे एका बाजूला, आपल्याला कसं वापरून फेकलं हे दुसऱ्या बाजूला.

म्हणून त्याची पूजाही नको. हार घालून, कुंकू लावून, 'आम्ही जन्मजात लढवय्ये' म्हणत मिशा पिळणं म्हणजे साहेबाचंच फेकलेलं शास्त्र उचलून अंगाला चोळणं. लढला म्हणून माणूस समान होत नसतो. जो कधी लढला नाही तोही तितकाच माणूस. बिल्ला वाचायचा असतो. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लागलेली नावं कोरलेली होती म्हणून ती वाचता आली. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्या नावांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. ती नावं कुणी भट्टीत घातली असती तर?

खरा अभ्यासू संग्राहक काय करतो, तेवढं मात्र त्याच्याकडून उचला. तो आधी कड वाचतो, मग कागद शोधतो. आपणही तेच करायचं. बिल्ला चिंचेनं, राखेनं घासू नका; अक्षरं झिजतात. कडेचा फोटो काढा किंवा कागद दाबून पेन्सिल फिरवा. नावाचं स्पेलिंग साहेबानं कितीही वाकडं केलं असू दे, आहे तसं उतरवा. डिस्चार्जचा, पेन्शनचा कागद असेल तर सोबत ठेवा. जुन्या कागदात तासगाव सांगलीखाली शोधू नका, साताऱ्याखाली शोधा. दुसऱ्या महायुद्धाच्या स्टारांत चांदी नाही, म्हणून ते पोरांच्या खेळण्यात जातात. एका माणसाचे सगळे बिल्ले एकत्र ठेवा, जोडी फोडली की माणूस फुटतो. आणि कुणी गोड बोलून परदेशी गिऱ्हाईक आणलं तर सांगा, शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसानं देशाबाहेर नेऊ नये म्हणून 1972 चा कायदा आहे. घरात खरीच नड असेल तर विका, पण कड उतरवून घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.

पंजाबच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्यातली सुमारे 3 लाख 20 हजार नावं 2021 पासून लोकांसाठी खुली होऊ लागली. तिकडची पोरं गावाचं नाव टाकून पणजोबा शोधतात. आपल्या वाड्या-वस्त्यांची अशी वही आपल्याला कुणी आयती देणार नाही, ती आपणच लिहायची. सुट्टीला गावी जाल तेव्हा ट्रंक उघडा, म्हातारीला बोलतं करा. पुढच्या अंकासाठी नुसत्या कविता पाठवू नका. तुमच्या वस्तीतल्या एका बिल्ल्याच्या कडेवरची ओळ पाठवा, मग तो चांदीचा असो की ब्राँझचा. आम्ही छापू.